शीत लहान होत नाही : भातुकलीच्या स्वयंपाकघराची समीक्षा



विषय भातुकलीचा आहे म्हटल्यावर काहींना वाटलं असेल, आज आठवणींचा कार्यक्रम आहे. तसं नाही. आठवणी तुमच्या तुम्ही काढालच, त्याला माझी गरज नाही. मला आज समीक्षा करायची आहे. आपण कवितेची समीक्षा करतो, नाटकाची करतो, चित्राची करतो. पण वीतभर फळीवर मांडलेलं चिमुकलं स्वयंपाकघर समोर आलं की "अगंबाई, किती गोड!" म्हणून मोकळे होतो. गोड म्हणणं ही दाद झाली, ते परीक्षण नव्हे. हे स्वयंपाकघर कोणी मांडलं, कोणासाठी मांडलं, त्यात काय ठेवलं आणि काय ठेवायचं टाळलं, हे विचारल्याशिवाय ते चांगलं की वाईट ते कळत नाही.

आणि हे विचारायला भंडाऱ्याइतकी योग्य जागा दुसरी नाही, असं मला वाटतं. एक तर हे पितळेचं गाव. रतनपूरच्या इ.स. ११०० च्या शिलालेखात 'भानारा' असा उल्लेख सापडतो आणि लोक त्याचा संबंध 'भाणा'शी, म्हणजे पितळी भांड्याशी जोडतात. व्युत्पत्ती खरी की मागाहून जुळवलेली, तो वाद भाषातज्ज्ञांनी घालावा. पण आपलं नाव भांड्यावरून पडलंय असं एखाद्या गावाला वाटावं, यातच बरंच काही आलं. आणि दुसरं म्हणजे हा धानाचा जिल्हा. तुमसरची बाजारपेठ धानावर चालते, तलावांचं पाणी धानाला जातं. आता 'भातुकली' हा शब्द बघा. त्यात भात आहे. भाकरी नाही, पोळी नाही, भात. संस्कृतात शिजलेल्या भाताला 'भक्त' म्हणतात, आणि कामसूत्रात मुलीशी ओळख वाढवायला तिला कोणती खेळणी द्यावीत याची जी यादी आहे, तिच्यात बाहुल्यांच्या जोडीला भात शिजवायचं छोटं स्वयंपाकघरही येतं. म्हणजे दीड हजार वर्षांपेक्षा जास्त काळ आपण लहान मुलींच्या हातात हे स्वयंपाकघर देत आलो आहोत. कोणत्या हेतूनं, ते पुढे बघू.

आधी एक साधी अडचण सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं त्या अडचणीवर उभं आहे.

भांडं लहान करता येतं. चूल लहान करता येते. पाटा, वरवंटा, जातं, सूप, सगळं लहान करता येतं. पण भाताचं शीत लहान होत नाही. बाहुलीघरं करणारे हौशी लोक जगभर साधारण एकास बारा हे प्रमाण वापरतात, म्हणजे खऱ्या फुटाला खेळण्यातला एक इंच. या प्रमाणात केलेल्या गंजात आपला नेहमीचा तांदूळ टाकला, तर बाहुलीच्या दृष्टीनं एकेक दाणा बोटाएवढा लांब होतो. चिन्नोरचा बारीक दाणा घ्या, तरी तेच. मग लोक खसखस वापरतात, राजगिरा वापरतात, कोणी रवा वापरतं. आपल्याकडे राइस मिलची अगदी बारीक कनकी मिळते, तिनंही थोडंफार भागतं. घरात जी कनकी नाइलाज म्हणून शिजते, ती भातुकलीत उंची तांदूळ म्हणून मिरवते.

आणि हे फक्त तांदळाचं नाही. पाण्याचा थेंब लहान होत नाही. बाहुलीच्या तांब्यातून पाणी ओतायला जा, धार लागत नाही, एकदम टप्पकन गोळा पडतो. ज्योत लहान होत नाही; मेणबत्तीची साधी ज्योत त्या चुलीत वणव्यासारखी दिसते. भांडं सगळ्या बाजूंनी दहापट लहान केलं, तर त्याचा पृष्ठभाग शंभरपट कमी होतो, पण आतलं पाणी हजारपट कमी होतं. म्हणून ते चटकन तापतं, चटकन निवतं आणि पाणी बघता बघता आटतं. दाण्याला शिजायला मात्र तेवढाच वेळ लागतो, जेवढा तुमच्या घरच्या गंजात लागतो. ज्यांनी लहानपणी मातीच्या बोळक्यात खरोखर भात शिजवायचा प्रयत्न केला असेल, त्यांना तो खाली करपलेला आणि वर कच्चा भात आठवेल. हल्ली छोट्या चुलीवर खरा स्वयंपाक करून दाखवणारे व्हिडिओ लोक आवडीनं बघतात. त्यांतही कोंबडीच्या अंड्याऐवजी लाव्याचं अंडं घ्यावं लागतं आणि पाणी सारखं घालत राहावं लागतं. व्हिडिओत ते कापलेलं असतं.

तेव्हा भातुकलीच्या स्वयंपाकघरात वस्तू लहान होतात, काम लहान होत नाही. मांडणाऱ्याला इथे ठरवावं लागतं : काम दाखवायचं की लपवायचं? माझ्या मते भातुकलीची सगळी समीक्षा या प्रश्नापासून सुरू होते.

परदेशातली दोन-तीन उदाहरणं घेतो, म्हणजे पुढे आपल्याकडे बघताना सोपं जाईल. इंग्लंडच्या राणी मेरीसाठी केलेलं बाहुलीघर विंडसरच्या किल्ल्यात आहे. १९२१ ते १९२४ या काळात ते झालं. त्याचा वास्तुकार एडविन ल्युटन्स, म्हणजे तोच, जो त्याच वर्षांत नवी दिल्ली बांधत होता. नळाला पाणी येतं, दिवे लागतात, लिफ्ट चालते, बाटल्यांत खरी दारू भरलेली. तंत्र म्हणून थक्क व्हावं असं. पण मला ते स्वयंपाकघर राज्याचं प्रदर्शन वाटतं. आमच्याकडे सगळं आहे, एवढंच ते सांगतं. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये नार्सिसा थॉर्न या बाईंनी करवून घेतलेल्या ६८ खोल्या आहेत. देखण्या, अचूक. आणि त्यांत माणूस नाही, बाहुलीसुद्धा नाही. कोणीतरी आत्ताच उठून गेलंय असा भास त्यांना साधायचा होता, आणि दिवाणखान्यात तो साधतो. स्वयंपाकघरात साधत नाही. स्वयंपाकघरातून कोणी असं उठून जात नाही हो, मागे आवराआवर असते.

याच्या उलट अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधलं पेट्रोनेला ऊर्टमनचं घर. सतराव्या शतकाच्या अखेरीला सुरू झालेलं. तेवढ्या खर्चात कालव्याकाठी खरं घर आलं असतं, असं सांगतात. म्हणजे श्रीमंतीचा देखावा तिथेही आहेच. चिमुकली चिनी मातीची भांडी थेट चीनहून मागवलेली. पण त्या बाईनं स्वयंपाकाच्या दोन जागा केल्या. एक भांडी मिरवायची, दुसरी प्रत्यक्ष रांधायची. वर माळ्यावर कपडे वाळत घालायची खोली केली, जळणासाठी पीट साठवायची जागा केली, मोलकरणीची खोली केली. हे घर कोणाच्या कष्टांवर चालतं ते तिनं झाकलं नाही. म्हणून हे घर मला विंडसरच्या घरापेक्षा मोठं वाटतं.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे मोठी माणसं छोटं स्वयंपाकघर सजवतात ते मुख्यतः दोन ठिकाणी. एक लग्नाच्या रुखवतात आणि दुसरं प्रदर्शनात किंवा घरच्या शोकेसमध्ये.

रुखवतातला छोटा संसार तुम्ही पाहिलाय. पुठ्ठ्याचं किंवा सनबोर्डचं घर. थर्माकोलवर २०१८ मध्ये बंदी आली, तरी कुठे कुठे अजून तेही दिसतं. त्यात चूल, चुलीवर भांडं, बाजूला उतरंड, एमसीलच्या भाकऱ्या, मण्यांचे लाडू, बाटलीच्या झाकणाची परात. करणाऱ्या बायकांचं कौशल्य विलक्षण असतं, त्याबद्दल वाद नाही. शिवणयंत्राच्या बॉबिनमधून जातं काढणारी बाई कोणत्याही कलाशाळेत शोभेल. पण जरा हात लावून बघा. भांडं उचलता येत नाही. ते फेविकॉलनं चिकटवलेलं असतं. झाकण निघत नाही, लाटणं फिरत नाही, सुपातले दाणे सुपाला चिकटलेले. आणि हे सगळं कोणापुढे मांडलेलं असतं? जिला उद्यापासून खरं स्वयंपाकघर सांभाळायचं आहे, तिच्या सासरच्या माणसांपुढे. सगळं जागच्या जागी, काही सांडत नाही, काही करपत नाही, कोणी दमत नाही. नव्या सुनेकडून काय अपेक्षा आहे ते या देखाव्यात शब्दांवाचून लिहिलेलं असतं. मला रुखवताचं वावडं नाही. पण चिकटवलेलं स्वयंपाकघर मला अस्वस्थ करतं. पोरी खेळतात तेव्हा एकही भांडं मिनिटभर जागेवर राहत नाही. आताचं ताट मघाशी छप्पर होतं.

हल्ली तयार रुखवत विकत मिळतं, काही ठिकाणी भाड्यानंही मिळतं. यावर मी फार बोलत नाही. ज्याला घाई आहे तो भाड्यानं आणणार.

प्रदर्शनांचं मात्र सविस्तर बोललं पाहिजे. पुण्याच्या विलास करंदीकरांनी जमवलेली भातुकली तुमच्यापैकी काहींनी प्रदर्शनात पाहिली असेल. पितळ, तांबं, चांदी, लाकूड, दगड. आणि कितीतरी अशी भांडी, जी मोठ्या आकारात आता घरात उरलेलीच नाहीत. बंब, शेवयांचा साचा, पाणी तापवायचं हंडं. पुण्यातच केळकर संग्रहालय आहे, काका केळकरांनी आयुष्यभर घरगुती वस्तू जमवून उभं केलेलं. हे काम फार मोलाचं आहे. शब्दकोशात नुसतं नाव राहतं, इथे वस्तू राहते.

पण बघणाऱ्यानं एक सावधगिरी ठेवायला हवी. संग्रहात जे दिसतं, ते जे टिकलं तेवढंच असतं. धातू टिकतो, माती फुटते. आणि लेकीला पितळेची, चांदीची भातुकली घेऊन देणं कोणाला परवडत होतं? वाड्यात राहणाऱ्यांना. त्यामुळे प्रदर्शनातून फिरताना 'मराठी स्वयंपाकघर' म्हणून आपल्यापुढे जे उभं राहतं ते बहुतेक वेळा पश्चिम महाराष्ट्रातल्या सुस्थित वाड्याचं स्वयंपाकघर असतं. पुरणयंत्र आहे, मोदकपात्र आहे, चांदीची पंचपाळी आहे. त्यात मासळी सुकवायची जागा नाही. धान साठवायची ढोली नाही. हा संग्राहकाचा दोष नव्हे. त्याला जे मिळालं ते त्यानं जपलं. दोष आपला, की आपण त्यालाच संपूर्ण मानतो. आणि गंमत अशी, की पितळ घडवणाऱ्या भंडाऱ्यातली पोर स्वतः मातीच्या बोळक्यांतच खेळली असण्याची शक्यता जास्त.

जुनी धातूची भातुकली हातात आली तर आधी भांड्याच्या आत बघा. बाहेरचं पॉलिश नवं असू शकतं, त्यावर जाऊ नका. आत कल्हई आहे का, निदान तिची खूण आहे का? पितळेला आंबट लागलं की कळकतं, म्हणून नवसागर टाकून कथलाची कल्हई करावी लागते. जे भांडं नुसतं मांडायचं त्याला कोणी कल्हई कशाला करेल? लहानशा पातेलीला आतून कल्हई केलेली दिसली, तर समजावं की या पातेलीत कोणीतरी खरंच काही शिजवून खाल्लं होतं. तळ काळा असेल तर आणखी चांगलं. आणि कृपा करून तो चिंचेनं घासून चकाचक करू नका.

नावाचंही तसंच. आपल्या खऱ्या भांड्यांवर नावं घातलेली असतात. टोचणीनं ठिपके ठिपके करून कोणाकडून, कोणाला, कधी. लग्नात आलेला गुंड, मामानं दिलेली परात. भांडं आपलंसं करायची ही आपली पद्धत. वर फुलं रंगवणं, लेस लावणं, गुलाबी रंग मारणं या सजावटी बाहेरून आल्या. आपली सजावट म्हणजे नाव आणि तारीख. पण भातुकलीच्या भांड्यावर मुलीचं नाव घातलेलं मी फार क्वचित पाहिलं. का? जागा कमी म्हणून? तांबटाला तेवढं बारीक काम सहज जमतं. मला वाटतं, ही भांडी तिची मानलीच जात नव्हती. एकीकडून दुसरीकडे, थोरलीकडून धाकटीकडे जायची. खरी भांडी मिळाली तेव्हाच तिचं नाव लागलं, आणि बरेचदा तेही सासरचं.

इथे पोळ्याचा विषय काढतो. वाटेल की आडवळणाला गेलो, पण नाही. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरं लाकडी नंदी सजवून आणतात, झूल, घंटा, बाशिंग, आणि रांगेत उभी राहतात. मोठी माणसं हिंडून बघतात, कोणाची सजावट चांगली ते ठरवतात, बक्षीस देतात. म्हणजे मुलांच्या खेळण्याची जाहीर समीक्षा आपण पिढ्यान् पिढ्या करत आलो आहोत! आता पलीकडे छत्तीसगडात जा. तिथे पोळ्याला मुलांना मातीचा नांदिया बैल देतात आणि मुलींना मातीचं जातं, चूल, छोटी भांडी. एकाच सणाला, एकाच कुंभाराकडून आलेली, एकाच मातीची खेळणी. बैल रस्त्यावर जातो, चूल घरात राहते. बैलाला बक्षीस आहे, चुलीला नाही. आता तान्ह्या पोळ्यात मुलीही नंदी घेऊन येतात, ही चांगली गोष्ट आहे. पण एखाद्या मुलानं चूल सजवून आणली तर आपण त्याला रांगेत उभं करू का? मी विचारतोय, उत्तर नंतर द्या. (हशा)

आपल्या भावगीतातसुद्धा बघा. पाडगावकरांचं, अरुण दाते यांनी गायलेलं, भातुकलीवरचं गाणं सगळ्यांना येतं. त्यात राजा आहे, राणी आहे, मोडलेला डाव आहे. चूल कुठे आहे? खेळणाऱ्या पोरी राजा-राणी खेळत नव्हत्या, त्या वरण करत होत्या. गाणं सुंदर आहे, तक्रार नाही. पण भातुकली म्हटलं की आपल्याला प्रेमकथा आठवते आणि धूर आठवत नाही, याला ते थोडं जबाबदार आहे.

मग भंडाऱ्याचं म्हणून छोटं स्वयंपाकघर करायचं झालं तर कसं करावं? मला हा प्रश्न मनापासून महत्त्वाचा वाटतो. कारण पितळ आता रांधायच्या जागेतून देवघरात आणि शोकेसमध्ये गेलं आहे. स्टीलनं ते घालवलं. अशा वेळी कारागिरांना कोणीतरी सांगणारच, की छोट्या भांड्यांचे संच करा, भेट म्हणून खपतील. खपतीलही. पण त्यांनी पुण्याच्या वाड्यातल्या संचाची नक्कल केली, तर आपल्या गावचं पितळ दुसऱ्याचं स्वयंपाकघर सांगत बसेल.

म्हणून आपलं करा. वर कवेलूचं छप्पर घ्या, आणि एक कवेल जरा सरकलेलं ठेवा, धूर जायला. भिंत चुलीच्या वर काळी करा. काळा रंग देऊ नका, खरंच काजळी धरा. चूल मातीची, पोतारलेली, आणि पोताऱ्याच्या कडेला बोटांचे ठसे. कोपऱ्यात ढोली, तीही शेणमातीनं लिंपलेली. पाण्याचे गुंड पितळेचे, कारण पाणी भरणं हे रोजचं मोठं काम आणि ते दिसलं पाहिजे. गंज, कोपर, सराटा. सराट्याला उलथणं म्हणू नका, खाली चिठ्ठी लावाल तर सराटाच लिहा. पळसाच्या पानाची पत्रावळ करायची तर पळसाचंच पान लागतं, पण ते लहान कुठून आणणार? कोवळी पालवी घ्या, वाळली की आणखी आकसते. दोरीवर सुकवलेली मासळी. टोपलीत मोहफुलं, त्यासाठी मनुकेचा तुकडा चालतो. लाखोळीची डाळ हवीच. या भागातल्या बांधीत धानानंतर तीच होती, आणि तिच्यावर बंदी आली तरी ती स्वयंपाकघरातून गेली नाही. डाळीसाठी मोहरी घेऊ नका, गोल दिसते. लाखोळी चपटी, कोनदार असते. वाळूतले खडे निवडले तर जमेल.

आणि राख. राखेचा छोटा ढीग, भांडी घासायला. खरकटं पाणी जायची मोरी. मी आजवर सजवलेली छोटी स्वयंपाकघरं जितकी पाहिली त्यांत मोरी जवळजवळ कुठेच नव्हती. शिजवायची जागा सगळे करतात, घासायची जागा कोणी करत नाही.

काही चिकटवू नका. हलू द्या. पडलं तर पडू दे.

प्रश्नासाठी थोडा वेळ आहे. ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे : "मुलीला प्लास्टिकचा किचन सेट घेऊन दिला तर ते वाईट का?" अजिबात नाही, ताई. फक्त दोन सेट शेजारी ठेवून बघा. महागातल्या गुलाबी सेटमध्ये ओव्हन असतो, कपकेक असतात, बेसिनवर फुलं असतात. हे स्वयंपाकघर तिनं कधी पाहिलेलं नसतं. आणि जत्रेत प्लास्टिकच्या जाळीत बांधून मिळतो तो स्वस्त सेट घ्या. त्यात लाल सिलिंडर असतो, दोन बर्नरची शेगडी असते, कुकर असतो. रंग भडक, कडा ओबडधोबड, पण तुमच्या घरात जे आहे तेच त्यात आहे. समीक्षक म्हणून माझं मत त्या जाळीतल्या सेटला. मुलाला घेतलात तरी तोच घ्या. त्याच्या कुकरचं झाकण निघतं, शिटी वेगळी निघते. शिटी पहिल्या दोन दिवसांत हरवते. मग पोरं तिथे तुरीचा दाणा बसवतात आणि तोंडानं शिट्या मोजतात.